१४८९ ते १७९८ : पिस्टन मोठा होत गेला त्याची गोष्ट



लष्करी गाड्यांवरच्या मागच्या काही भागांनंतर मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला. कोणाकडे आजोबांची ॲम्बेसडर आहे, कोणी बडोद्यात जुनी फियाट उभी करतोय, बेळगावच्या एका मित्राला कोणीतरी मॉरिस दिली आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच. "कर्नलसाहेब, इंजिन खोलतोच आहे, तर मग मोठे पिस्टन टाकून सीसी वाढवून घेऊ का?"

सीसी वाढवता येतात. मी स्वतः वाढवले होते, आणि त्यात माझ्या वडिलांच्या गाडीचं इंजिन जवळजवळ गमावून बसलो होतो. ती हकिगत शेवटी सांगणार आहे. आधी इतिहास सांगतो, कारण तो तेव्हा माहीत असता तर मी ती चूक केली नसती. ईएमईमध्ये उभी नोकरी केलेल्या माणसाने हे कबूल करणं सोपं नाही, पण खरं ते खरं.

आजचं उदाहरण एकाच इंजिनाचं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन. नाव ऐकलं नसेल, पण आवाज नक्की ऐकला आहे. ॲम्बेसडरच्या बॉनेटखाली तेच होतं.

सीसी म्हणजे नेमकं काय

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं धीर धरा.

डॉक्टरांची सिरिंज डोळ्यांसमोर आणा. नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर. दट्ट्या वरपासून खालपर्यंत जितका सरकतो तो स्ट्रोक. दट्ट्या खाली ओढला की जितकी हवा आत येते तितके त्या सिलिंडरचे सीसी. अशा चार नळ्या असतील तर गुणिले चार.

ॲम्बेसडरच्या इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचांवर अष्टमांश. स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. गणित केलं की १४८९ सीसी येतात.

हे वाढवायचे दोन रस्ते आहेत. स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्टच बदलावा लागतो, आणि ते फार खर्चाचं काम आहे. दुसरा रस्ता म्हणजे सिलिंडर आतून तासून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. क्रँक तोच राहतो. शिवाय या रस्त्यात गणित आपल्या बाजूने असतं, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. बोअर ७३.०२५ वरून ७६.२ केला, म्हणजे व्यास सव्वाचार टक्क्यांच्या आसपास वाढला, तर सीसी जवळजवळ ९ टक्के वाढतात. १४८९ चे १६२२ होतात. एवढं गणित समजलं की माणसाचे हात शिवशिवायला लागतात. माझेही लागले होते.

कराने घडवलेलं इंजिन

आता मला सांगा, इतका अरुंद बोअर आणि इतका लांब स्ट्रोक इंग्रजांनी ठेवलाच का? त्याचं उत्तर त्यांच्या कर खात्यात सापडतं.

इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीप्रमाणे कर होता, दर अश्वशक्तीला एक पौंड. पण ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजलेली नसायची. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं एक सूत्र होतं. बोअर इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. स्ट्रोकचा त्या सूत्रात उल्लेखच नव्हता!

मग कारखानदारांनी काय केलं असेल? बोअर अरुंद ठेवला आणि स्ट्रोक लांब केला. सीसी मिळाले, कर वाचला. दोन-अडीच दशकं इंग्लंडची साधी मोटार अशीच उंच, सडपातळ सिलिंडरांची राहिली. लांब स्ट्रोकमुळे पिस्टनला दर फेरीत जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे ही इंजिनं फार वेगाने फिरवता येत नसत. पण कमी वेगातही त्यांची ओढ चांगली. ॲम्बेसडर तिसऱ्या गिअरमध्ये रांगत चढ चढायची, ती या स्वभावामुळे.

ऑस्टिन कंपनीने १९४७ मध्ये ए-४० नावाची गाडी काढली. तिचं इंजिन १२०० सीसीचं, बोअर ६५.४८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९. जुन्या सूत्राने तिची अश्वशक्ती भरते १०.६. आणि १९४८ च्या सुरुवातीपासून इंग्लंडने तो करच बदलला. नव्या मोटारींना सरसकट एकच रक्कम लागू झाली. बोअरवरचा पहारा उठला.

स्ट्रोक तोच, बोअर वाढता

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचं एकत्रीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झालं. मधल्या आकाराच्या गाड्यांसाठी एकच इंजिन हवं होतं, १५०० सीसीच्या आसपासचं. ए-४० च्या ब्लॉकमध्ये तेवढे मोठे सिलिंडर बसवायला जागा नव्हती. म्हणून थोडा लांब, थोडा जड असा नवा ब्लॉक ओतला. स्ट्रोक मात्र तोच राहिला, ८८.९. हे बी-सिरीज. १९५३ मध्ये ते एमजी मॅग्नेट गाडीतून लोकांसमोर आलं, १४८९ सीसीचं.

यानंतरचा हिशेब नीट ऐका, आजच्या भागाचा गाभा इथेच आहे.

याच घराण्यात १२०० सीसीचा धाकटा भाऊ होता, बोअर ६५.४८. मग १४८९, बोअर ७३.०२५. मग १५८८, बोअर ७५.४. मग १६२२, बोअर ७६.२. शेवटी १७९८, बोअर ८०.२६. पाच मापं झाली, आणि पाचही मापांत स्ट्रोक ८८.९ च आहे. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत जवळजवळ १५ मिलिमीटर व्यास वाढला आणि सीसी दीडपट झाले. गंमत म्हणून त्या १७९८ ला जुनं कराचं सूत्र लावून पाहा. अश्वशक्ती येते १६. तो कर चालू असता तर एकाच स्ट्रोकच्या या इंजिनाला साधारण ११ पौंडांच्या जागी १६ पौंड मोजावे लागले असते.

आता प्रत्येक आकडा कुठून आला ते पाहू.

१५८८ चं कारण शर्यती. त्या काळी शर्यतीत गाड्यांचे वर्ग सीसीवरून पडायचे, ११००, १५००, १६००, २००० असे. १९५८ मध्ये एमजीएच्या ट्विन कॅममध्ये आणि १९५९ मध्ये साध्या एमजीएमध्ये १५८८ सीसीचं इंजिन आलं. १६०० च्या रेषेला टेकून, पण आत. साध्या इंजिनाची ताकद ७२ अश्वशक्तीवरून ८० च्या घरात गेली.

या वर्गांच्या हिशेबाचा आणखी एक नमुना मला फार आवडतो. एमजीने ईएक्स १८१ नावाची थेंबाच्या आकाराची विक्रमी गाडी बांधली होती. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर स्टर्लिंग मॉसने ती ताशी २४५ मैलांहून जास्त वेगाने पळवली. इंजिन १४८९ सीसीचं, सुपरचार्जर लावलेलं. दोन वर्षांनी तीच गाडी पुन्हा तिथे नेली आणि फिल हिलने ताशी २५४ मैलांचा टप्पा ओलांडला. या वेळी इंजिन होतं १५०६ सीसीचं. फक्त १७ सीसी का वाढवले? कारण १५०० ची रेषा ओलांडली की गाडी वरच्या, दोन लिटरच्या वर्गात जाते आणि त्या वर्गाचे विक्रमही आपल्या नावावर करता येतात. हिशेब केला तर १७ सीसीसाठी बोअर अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढवावा लागत नाही.

१६२२ हे माप १९६१ मध्ये आलं. मॉरिस ऑक्सफर्ड, ऑस्टिन केंब्रिज या घरगुती गाड्यांना तेच, आणि एमजीएलाही तेच. शर्यतीची १६०० ची रेषा त्यात मोडली. एमजीएची ताकद ९० अश्वशक्तीच्या घरात गेली, पण ती सगळी पिस्टनची कमाई नव्हती. सिलिंडर हेड सुधारलं होतं आणि व्हॉल्व्ह मोठे केले होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

जिथे जागा संपली

१९६२ मध्ये एमजीबी आली. ही गाडी आधीच्यापेक्षा भारी, आणि तिला १६२२ अपुरे पडत होते. आणखी मोठा पिस्टन हवा होता, पण आता अडचण जागेची झाली.

ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मध्ये पाणी खेळतं. एका सिलिंडरची भिंत, मग पाणी, मग दुसऱ्याची भिंत. बोअर वाढवत गेलं की भिंती पातळ होत जातात. भिंती जाड ठेवायच्या तर पाण्याची जागा कमी होते. ब्लॉकची लांबी ठरलेली, ती ओढून वाढत नाही. मग इंजिनिअरांनी पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा असे सिलिंडर जोडीजोडीने चिकटवून टाकले आणि जोडीच्या मधलं पाणी काढून टाकलं. इंग्रजीत याला 'सायमीज' म्हणतात, जोडलेल्या जुळ्यांवरून. त्यासाठी ब्लॉकचं ओतकाम नव्याने करावं लागलं. तेव्हा कुठे ८०.२६ मिलिमीटरचा पिस्टन आत गेला.

काम तिथेही संपलं नाही. मोठा पिस्टन क्रँकवर जास्त जोर देतो. जुना क्रँक तीन मेन बेअरिंगवर टेकलेला होता. १९६४ मध्ये तो पाच बेअरिंगवर घेतला. म्हणजे खुद्द कारखान्याला मोठ्या पिस्टनसाठी ब्लॉक, हेड आणि शेवटी क्रँक, सगळंच बदलत जावं लागलं. आपण मात्र पिस्टनचा एक डबा विकत आणतो आणि म्हणतो, झालं काम!

याच इंजिनाची उलटी गोष्ट जपानमध्ये घडली. निसान कंपनी तेव्हा परवान्यावर ऑस्टिन गाड्या बनवत होती. त्यांना लहान गाडीसाठी एक लिटरचं इंजिन हवं होतं. डोनाल्ड स्टोन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने सल्ला दिला की नवं इंजिन काढू नका, याचाच स्ट्रोक कमी करा. बोअर ७३ तसाच ठेवला, स्ट्रोक ८९ वरून ५९ केला आणि ९८८ सीसीचं इंजिन तयार झालं. सिलिंडरच्या भिंतीला हात लावायची गरजच पडली नाही. हीच निसान पुढे आपल्या फौजेत जोंगाच्या रूपाने आली, पण तो वेगळा भाग.

आपल्याकडे काय झालं

आपल्याकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका ॲम्बेसडर म्हणून आणली. सुरुवातीला तिचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, १४७६ सीसीचं होतं. १९५९ पासून १४८९ चं बी-सिरीज आलं. पुढची तीस वर्षं पेट्रोल ॲम्बेसडर १४८९ वरच राहिली. तिकडे हेच घराणं १५८८, १६२२, १७९८ असं चढत गेलं, इकडे आपण पहिल्याच पायरीवर बसून राहिलो. १९८४ च्या सुमारास कॉन्टेसा ही भारदस्त गाडी आली, तीसुद्धा याच १४८९ च्या भरवशावर. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना ओव्हरटेक करताना तोंडातून निघालेले शब्द आठवत असतील. शेवटी जास्त ताकद हवी झाली तेव्हा जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं वेगळंच इंजिन आलं.

मुंबईकरांची फियाटही याच वाटेची. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या पद्मिनीचा बोअर ६८, स्ट्रोक ७५, सीसी १०८९. इटलीत मात्र फियाटने १९६२ च्या ११००-डीमध्ये बोअर ७२ केला होता, स्ट्रोक तोच ७५, आणि सीसी झाले १२२१.

आपल्या मिस्त्री लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. देशभरातल्या बोअरिंगच्या दुकानांत 'वीस', 'तीस', 'चाळीस', 'साठ' अशी भाषा चालते. हे इंचाचे हजारावे भाग. सिलिंडर झिजला की तो वीस हजारांश तासायचा आणि वीस ओव्हरसाइजचा पिस्टन घालायचा. ही दुरुस्ती असते, ताकद वाढवणं नव्हे. पण सीसी त्यातही वाढतात. १४८९ चं इंजिन 'वीस'ला १५१० होतं, 'चाळीस'ला १५३१ आणि 'साठ'ला १५५२. म्हणजे तीन-चारदा रिबोअर झालेली तुमच्या आजोबांची ॲम्बेसडर आधीच पंधराशेच्या वर गेलेली असू शकते, आणि आरसी बुकात मात्र १४८९ च लिहिलेलं असतं!

दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन घालताना

आता कामाचं बोलू. 'साठ'च्या पुढे गेलात की तुमच्या इंजिनासाठी केलेला पिस्टन सहसा मिळत नाही. मग लोक दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन शोधतात. व्यास जुळला की उडी मारतात. व्यासाच्या आधी पाच गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली, गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ते जास्त असलं तर पिस्टन ब्लॉकच्या वर डोकावतो आणि हेडवर आपटतो. कमी असलं तर खालीच थांबतो आणि कॉम्प्रेशन जातं.

दुसरी, खुद्द पिन. तिची जाडी आणि ती धरायची पद्धत. १४८९ च्या रॉडचा वरचा डोळा चिरलेला असतो आणि बोल्टने पिनवर आवळलेला असतो. बऱ्याच नंतरच्या इंजिनांत पिन मोकळी असते किंवा दाबून बसवलेली असते. पिन जुळली नाही तर रॉडही बदलायचे.

तिसरी, वजन. चारही पिस्टन एकमेकांशी तर जुळायलाच हवेत, शिवाय मूळ पिस्टनपेक्षा ते किती जड आहेत तेही पाहायचं. तीन बेअरिंगच्या क्रँकला हे ओझं मिनिटाला चार-पाच हजार वेळा वरखाली फेकायचं असतं.

चौथी, कॉम्प्रेशन. समजा मूळ प्रमाण ७.२ आहे. एका सिलिंडरचे ३७२ सीसी, म्हणजे माथ्यावरची पोकळी साधारण ६० सीसी. बोअर ७६.२ केला की सिलिंडर ४०५ सीसीचा होतो, पोकळी तेवढीच. नवं प्रमाण येतं पावणेआठ. पिस्टनच्या माथ्यावर खळगा आहे की उंचवटा, त्यावर हे आणखी बदलतं. चढावर इंजिन ठोकायला लागलं तर पहिला संशय इथे घ्यायचा.

पाचवी गोष्ट श्वासाची. या इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरांसाठी हवा आत यायला दोनच दारं आहेत. दोन-दोन सिलिंडर एका दारातून श्वास घेतात. छाती मोठी केली आणि नाक तेवढंच ठेवलं, तर वरच्या वेगात फायदा हातात पडत नाही. १६२२ च्या वेळी कारखान्याने हेड का सुधारलं, ते आता लक्षात आलं असेल.

या पाचही गोष्टी मला १९९८ मध्ये माहीत होत्या. सगळ्या तपासल्याही होत्या. सहावी राहिली.

अण्णांची गाडी

माझे वडील, अण्णा, इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. १९६९ च्या बनावटीची मार्क टू ॲम्बेसडर त्यांनी १९७४ मध्ये जुनी घेतली. तिचा इंजिन नंबर त्यांना पाठ होता, आमच्या जन्मतारखा मात्र आईला विचारायचे. नव्वदच्या दशकात त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाले, "तू घेऊन जा. तुझ्याकडे वर्कशॉपची माणसं आहेत, नीट राहील." मी तेव्हा मेजर होतो, सिकंदराबादला पोस्टिंग.

इंजिन तेल प्यायला लागलं होतं. आधी एकदा 'चाळीस' झालेलं. मी ठरवलं, 'साठ' कशाला, सरळ १६२२ करू. इंग्लंडमधल्या मावसभावाने १६२२ चे पिस्टन आणि रॉड येताना आणले. बोअरिंगच्या दुकानात एक वयस्क कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ब्लॉक उलटा-सुलटा केला, पाण्याच्या भोकातून बोट घातलं, बोटाला लागलेला गंज मला दाखवला आणि म्हणाले, "मेजर साब, अंदर से हम काटरे, बाहर से जंग खारा. बीच में दीवार कितनी बची, वो देखे क्या?"

मी पाहिलं नव्हतं. भिंतीची जाडी मोजणारं अल्ट्रासोनिक यंत्र मला मिळू शकलं असतं, थोडी धावपळ करावी लागली असती. पण सुट्टी जवळ आली होती. शिवाय मी इंजिनिअर, ते कारागीर. मी म्हणालो, "चाचा, कंपनीने याच इंजिनाला ७६.२ दिला आहे. होईल." चाचांनी पुन्हा काही म्हटलं नाही. काम अगदी चोख करून दिलं.

इथे माझी चूक ऐका. कंपनीने ७६.२ दिला तो नव्या ओतलेल्या ब्लॉकला. कारखान्यात ओतताना आतला वाळूचा गाभा जरासा सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. कारखाना ते पाहून बाजूला काढू शकतो. माझा ब्लॉक १४८९ साठी ओतलेला होता. त्यात तीस वर्षं नळाचं पाणी खेळलेलं, भिंत बाहेरून खाल्लेली. आतून मी मूळ मापापेक्षा प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटरहून जास्त लोखंड काढलं.

गाडी मात्र सुरेख चालली. मे महिन्यात नांदेड, अकोला, बऱ्हाणपूरमार्गे इंदूरला निघालो. चढावर तिसरा गिअर सोडायची नाही. अण्णांना फोन करून सांगितलं होतं की तुमची गाडी ओळखू येणार नाही. खंडव्याच्या पुढे, इंदूरच्या अलीकडे भेरूघाट लागतो. भर दुपारी त्या चढावर मागून पांढरा धूर यायला लागला. थांबलो, बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. डिपस्टिक काढली तर तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत चिरली होती.

ट्रकच्या मागे बांधून घरी आणली. अण्णा अंगणात उभे होते. कधी नव्हे ते मला रागावतील असं वाटलं. त्यांनी बॉनेटखाली वाकून नंबरवरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "ब्लॉक तोच आहे ना रे?"

मी म्हटलं, "तोच आहे, अण्णा."

"मग होईल काहीतरी," म्हणाले आणि आत गेले.

ब्लॉक मालगाडीने सिकंदराबादला परत आला. मी चाचांकडे गेलो तेव्हा त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हटलं नाही. चिरेजवळ भिंत मोजली, जेमतेम दोन मिलिमीटर भरली. त्यांनी चार ड्राय लायनर लेथवर उतरवले, भिंत फक्त दीड मिलिमीटरच्या आसपासची, आणि ते चारही सिलिंडरांत दाबून बसवले. आतून पुन्हा ७३.०२५ केला. जुन्या मापाचे पिस्टन, अण्णांचेच रॉड. दाबाखाली पाणी भरून दोन दिवस ठेवलं. एक थेंब आला नाही. ७६.२ मधून ७३.०२५ वजा करा, दर बाजूला दीड मिलिमीटरच्या आसपासच्या लायनरपुरती जागा उरते. मी जे लोखंड काढलं होतं, तेच चाचांनी परत घातलं.

अण्णांनी त्यानंतर दोनदा त्या गाडीतून फेरी मारली. २००३ मध्ये ते गेले.

मग करायचं का?

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ब्लॉक तुमच्या गाडीचा मूळ असेल तर आधी त्याची भिंत प्रत्येक सिलिंडरला चारही दिशांनी, वर, मध्ये आणि खाली मोजून घ्या. आज हे यंत्र शहरोशहरी मिळतं. दुरुस्तीपुरता ओव्हरसाइज पिस्टन लागला तर खुशाल घाला. भिंत उरली नसेल तर लायनर घालून मूळ मापावर परत या, त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या पिस्टनची हौसच असेल तर दुसरा, भंगारातून वाचवलेला ब्लॉक त्यासाठी घ्या आणि मूळ ब्लॉक तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीतला तपशील चुकीचा ठरेल असा बदल आपल्या मनाने करता येत नाही. आणि २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती गाडी मूळ रूपात असली तर. इंजिनात मोठा फेरफार केला तर तो मान वाढवलेल्या सीसींसोबत जातो.

अण्णांची गाडी अजून माझ्या दारात आहे, १४८९ वरच. चढावर दुसरा गिअर टाकावा लागतो, मागचे लोक हॉर्न देतात. देऊ दे. ती लांब स्ट्रोकची आहे, तिला घाई आवडत नाही.

तुमच्या गाडीचा ब्लॉक किती वेळा रिबोअर झाला आहे, हे आजोबांना किंवा जुन्या मिस्त्रीला विचारून लिहून ठेवा. ते सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. चाचांना मी पुरेसं विचारलं नाही, ही माझी खंत आहे.

पुढच्या भागात जोंगा. जय हिंद.